दुकानातील दिवा आणि मालाचा रंग

संध्याकाळी सात वाजून गेले की वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांबाहेरील बाजारपेठा खऱ्या अर्थाने जाग्या होतात. मुंबईच्या कचेऱ्यांतून परतणारा नोकरदार गाडीतून उतरतो आणि घरी जाता जाता खरेदी उरकतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत आल्या. सकाळी जाऊन रात्री परतण्याचा इथला जीवनक्रम या लोहमार्गानेच घडवला. म्हणून येथील व्यापाऱ्याचा मोठा ग्राहक रात्रीचा आहे. तो माल पाहतो तो सूर्यप्रकाशात नव्हे, दुकानातील दिव्याखाली. साहजिकच दुकानात कोणता दिवा लावावा, हा प्रश्न केवळ वीजबिलाचा राहत नाही.

उंबरठ्यावरचे कापड

समई आणि पणतीनंतर घरोघरी रॉकेलचे दिवे आले. ‘गॅसलाइट’ या इंग्रजी शब्दावरून आपल्याकडे रॉकेलला ‘घासलेट’ हे नाव पडले. कंदील, चिमणी आणि लग्नाच्या वरातीतील गॅसबत्ती ही सारी त्या काळाची मिळकत. पुढे १८८२ मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. विजेच्या प्रकाशाने आरंभीच बाजारपेठ उजळावी, हे व्यापाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

मात्र दिवे आले तरी जुन्याजाणत्या कापड दुकानदारांची एक सवय दीर्घकाळ टिकून होती. रंगाविषयी शंका निघाली की ते ठाण उचलून दाराशी नेत आणि म्हणत, “बाई, उजेडात बघून घ्या.” आज दर्शनी भाग काचेने बंद झाला, वातानुकूलन आले आणि ग्राहक रात्री येऊ लागला. उंबरठ्यावरची ती परीक्षा आपोआप मागे पडली.

प्रत्येक दिव्याचा वेगळा स्वभाव

तारेच्या जुन्या बल्बमध्ये तार तापून प्रकाश देई. विजेचा बहुतांश भाग उष्णतेत वाया जात असे. पण त्या पिवळसर प्रकाशात सर्व रंगांच्या छटा अखंड असत. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. विजेची बचत झाली, परंतु जुन्या ट्यूबच्या प्रकाशात काही रंग फिके पडत. रस्त्यावरील पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर निळी मोटार काळी भासे.

आता एलईडीचे युग आहे. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या एलईडीत निळा प्रकाश पिवळ्या लेपातून जातो आणि दोहोंच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश तयार होतो. स्वस्त दिव्यात या मिश्रणात गडद लाल छटा तोकडी पडते. शालूचा लाल, पैठणीचा डाळिंबी, कुंकवाचा रंग मंदावतो तो यामुळेच.

याचा खरा फटका मॅचिंग सेंटरमध्ये बसतो. दोन कापडांचे रंग निरनिराळ्या रसायनांनी बनलेले असतील, तर ते एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. रात्री निवडलेला ब्लाउजपीस सकाळी साडीशी विसंगत दिसतो. ग्राहक भगिनीला वाटते, आपल्याला फसवले. दुकानदाराला वाटते, ही विनाकारण तक्रार करते. वस्तुतः दोघेही प्रामाणिक असतात आणि दोष दिव्याचा असतो. पांढऱ्या कापडाचीही तीच कथा. अनेक पांढऱ्या कापडांना चमक देणारे द्रव्य लावलेले असते आणि ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उजळते. सामान्य एलईडीत हे किरण जवळपास नसल्याने तोच पांढरा शुभ्र पेहराव दुकानात जरा निस्तेज भासतो.

खोक्यावरील दोन अंक

दिवा घेताना बहुतेक जण वॅट आणि किंमत पाहतात. खोक्यावरील ‘केल्विन’चा अंक प्रकाशाची झाक सांगतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास मध्यम पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. या शेवटच्या प्रकारावर अनेकदा ‘डेलाइट’ असे छापलेले असते आणि येथेच गैरसमज होतो. झाक दिवसासारखी असली म्हणजे रंगही दिवसासारखे दिसतील, असे नव्हे.

रंग कितपत खरे दिसतील हे सांगणारा अंक म्हणजे ‘सीआरआय’. तो १०० पर्यंत असतो आणि साधारण एलईडीचा ८० च्या घरात असतो. हा अंक आठ सौम्य रंगछटांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंगाचे मोजमाप ‘आर ९’ या नावाने वेगळे होते. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो. लग्नसराईचा माल विकणाऱ्याने म्हणूनच विक्रेत्याकडे दोन्ही अंक आवर्जून मागावेत.

व्रत आणि व्यवहार

दिव्याचा प्रकाश सूर्यप्रकाशाची बरोबरी करू शकत नाही, याची जाणीव जैन परंपरेला प्राचीन काळापासून आहे. रात्रिभोजनत्यागाचे विवेचन करताना आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात, दिवा लावला तरी अन्नातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही, हे स्पष्ट केले आहे. सूर्यास्तापूर्वी चोविहार करून पुन्हा गल्ल्यावर बसणारे व्यापारी वसई-विरारमध्ये आजही आहेत. भोजनाच्या बाबतीत दिव्यावर विसंबू नये, हा विवेक मालाच्या बाबतीतही बाळगता येईल.

‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी वजने-मापे वापरणे हा एक आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून खपवणे, हा दुसरा. अजाणता लावलेल्या दिव्याला अतिचार म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु सोन्याचा पिवळेपणा खुलावा म्हणून पिवळा आणि हिऱ्यातील पिवळी झाक लपावी म्हणून निळसर दिवा जाणूनबुजून लावला, ग्राहकाला मात्र त्याची कल्पना दिली नाही, तर प्रत्येकाने आपल्या मनाला प्रश्न विचारावा. तराजूचा काटा सरकारी निरीक्षक तपासतो; दिवा तपासायला कोणी येत नाही.

हिशेब काय सांगतो?

वीस जुन्या ट्यूब, चोकसह प्रत्येकी सुमारे ५० वॅट, रोज दहा तास चालल्या तर १० युनिटे लागतात. २० वॅटच्या एलईडी ट्यूबना ४ युनिटे पुरतात. महिन्याला १८० युनिटांची बचत होते. उच्च सीआरआयच्या दिव्यांना तेवढ्याच उजेडासाठी थोडी अधिक वीज लागते. चारऐवजी साधारण साडेचार युनिटे धरावीत. दिव्याची किंमतही काहीशी जास्त असते. म्हणजे झालेल्या बचतीतील लहानसा हिस्सा परत द्यावा लागतो. त्या बदल्यात परत येणारा माल आणि दुरावणारा ग्राहक वाचत असेल, तर हा खर्च जमेच्या बाजूलाच मांडावा लागेल.

सारे दुकान बदलण्याचीही गरज नाही. जेथे रंग पाहून निवड होते तो काउंटर, आरसा आणि ट्रायल रूम येथे ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचे, ४००० केल्विनच्या आसपासचे दिवे पुरेत. गोदामात आणि जिन्यात साधे दिवे चालतात. बाहेरच्या पाटीसाठी निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर एलईडी बरा. त्याकडे कीटक कमी आकृष्ट होतात. नवा दिवा बसवल्यावर एक लाल, एक जांभळा आणि एक पांढरा तुकडा भर दुपारी दाराशी आणि दिव्याखाली ताडून पाहावा. सराफाने नग एकाच झगमगत्या दिव्याखाली न दाखवता साध्या प्रकाशातही दाखवावा. आणि रात्रीच्या ग्राहकाला आपण होऊन सांगावे, “सकाळी उजेडात पाहा, रंग पटला नाही तर घडी न मोडता बदलून घेऊन जा.”