गिरणीच्या चिमणीतून भाताची लोंबी

वाचकहो, तुमच्या घरात भिंतीवर किंवा ट्रंकेत एक जुना फोटो बहुतेक असेल. मुंबईला गिरणीत असलेल्या आजोबांनी परळ-लालबागकडच्या एखाद्या स्टुडिओत काढून गावी पाठवलेला. आजोबा ताठ उभे, टोपी नवी, मनगटावर घड्याळ, आणि पाठीमागे पडद्यावर रंगवलेला बंगला, नक्षीचा जिना, तळ्यात हंस. प्रत्यक्षात आजोबांचा मुक्काम चाळीतल्या एका खोलीत, गावाकडच्या पंधरा-वीस जणांबरोबर. पाळी बदलली की झोपायची जागाही बदलायची. पण त्या फोटोला खोटा कुणी म्हटले नाही. गावी सगळे समजून होते.

दोन ठिकाणच्या गोष्टी एकत्र आणून तिसरेच दृश्य उभे करायचे, ही कला त्या पडद्याइतकी जुनी आहे. तिला कोलाज म्हणतात, आणि आता ती तुमच्या हातातल्या फोनवर करता येते. आजीचे सूप गिरगाव चौपाटीच्या लाटांवर होडीसारखे तरंगू लागते, लालबागच्या उंच इमारतींच्या रांगेत तुमची कणगी ऐटीत उभी राहते. स्वप्नात दिसावे तसे हे दृश्य. पाहणारा हसतो आणि मग पुन्हा नीट बघतो.

या करामतीचा आपल्याकडचा मोठा उस्ताद दादरला राहत होता. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, फोटोग्राफी केलेली, छापखाना चालवलेला, आणि वर जादूचे प्रयोगही करणारे. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतले होते ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटे वाचा, म्हणजे उलगडेल. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन चित्रपटाची विद्या पाहून आले, कॅमेऱ्याची खरेदी केली, पण चित्रपट काढायला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी काय केले, हे शेतकरी घराने मुद्दाम ऐकावे. कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत गेले. सगळे मिळून जेमतेम एका मिनिटाचे चित्र झाले. बी रुजले, अंकुराने मान वर काढली, वेल झाला, सारे डोळ्यांदेखत! मटार आपण दरसाल पेरतो, पण त्याची महिन्याची वाढ मिनिटात कुणी पाहिली होती? ज्यांना ते चित्र दाखवले त्यांच्यातलेच काही कर्ज द्यायला तयार झाले.

घरच्या बाईचा वाटाही सांगितला पाहिजे. सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे कामही त्या करीत. दादरला तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांनी पाहिला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशातून उडाला. हे सगळे कॅमेऱ्याच्या युक्तीने. आणि याच माणसाने चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारे चित्रही काढले. जादूगाराने आपणहून पोतडी उघडून दाखवावी, हे मला मारुतीच्या उड्डाणाहून मोठे वाटते.

परदेशातही ही खटपट जुनीच. इंग्लंडात ऑस्कर रायलँडर या फोटोग्राफरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र केले होते. बर्लिनमध्ये १९१९ च्या सुमारास हाना होख या बाईने मासिकांतली चित्रे कापून केलेल्या प्रसिद्ध कोलाजच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. आपल्याकडे विळी म्हटली असती.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. समजा तुम्हाला गिरणीच्या चिमणीतून धुराऐवजी भाताची लोंबी बाहेर आलेली दाखवायची आहे. चिमणीचा फोटो मुंबईच्या नातेवाइकाकडून मागवा. लालबाग-परळ भागात मॉलच्या आणि उंच इमारतींच्या गर्दीत काही चिमण्या अजून उरल्या आहेत. पण नुसता फोटो मागू नका. कोणत्या वेळी काढला आणि ऊन कुठल्या बाजूने होते, हे विचारून घ्या. चिमणीची डावी बाजू उजळ असेल तर लोंबीवरही ऊन डावीकडूनच पडायला हवे. दहातली नऊ कोलाज इथेच फसतात. डोळ्याला काहीतरी खटकते, काय ते सांगता येत नाही. ते असते उन्हाचे.

लोंबी अंगणात धुतलेल्या पांढऱ्या धोतरासमोर धरून टिपा, म्हणजे कडा स्वच्छ निघते. काही नव्या फोनमध्ये फोटोतल्या वस्तूवर बोट दाबून धरले की ती मागच्या दृश्यापासून सुटी होते. नसेल तर ‘स्नॅपसीड’ हे फुकट मिळणारे साधन घ्या. त्यातल्या ‘डबल एक्स्पोजर’ने एका फोटोवर दुसरा ठेवता येतो आणि नको तो भाग बोटाने पुसता येतो. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल तर तिला सांगा, दहा मिनिटांत शिकवील. (वडीलधाऱ्यांनी तिच्या हातून फोन ओढून घेऊ नये.)

उन्हानंतर सावली. चौपाटीच्या वाळूवर मुसळ उभे केले आणि त्याची सावली पडली नाही, तर ते हवेत टांगल्यासारखे दिसते. काळसर रंग बोटाने फिकट ओढला तरी भागते. आणि उंची: कॅमेरा गुडघ्याशी धरून काढलेली वस्तू छातीच्या उंचीवरून काढलेल्या रस्त्यात बसत नाही. दोन्ही फोटो एकाच उंचीवरून काढावेत.

हल्ली नुसते सांगितले की यंत्रच चित्र रंगवून देते. देऊ दे. त्यात तुमची लोंबी नसते आणि तुमच्या काकांनी काढलेली चिमणीही नसते.

हीच विद्या उलट्या कामालाही येते, हे विसरू नका. फोनवर रोज दंगलीचे, पुढाऱ्यांचे, चमत्कारी फळांचे फोटो येतात. एकदा स्वतः कोलाज केले की नजर आपोआप सावलीकडे आणि कडांकडे जाते, आणि पुढे पाठवणारे बोट थांबते. आपण केलेल्या चित्राखाली ‘जोडचित्र’ असे लिहावे. पीकविम्याच्या पंचनाम्याला मात्र यातले काही पाठवू नका, महागात पडेल!

पहिले चित्र कशाचे करावे, असे विचाराल तर मी चिमणीचेच सांगेन. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा काम मिळाले नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे गावी परतली. त्याआधी कितीतरी वर्षे गावची विहीर, बैलजोडी, बहिणीचे लग्न भोंग्यावर कामाला जाणाऱ्या माणसाच्या मनीऑर्डरीतून झाले होते, आणि पावसाळ्यानंतर इकडचे तांदूळ, कुळीथ एस.टी.ने तिकडे चाळीत पोहोचत होते. शेत आणि गिरणी एकाच घरात नांदत होती, पण एका फोटोत दोन्ही कधी आली नाहीत. येणार कशी? मध्ये घाट होता.

ती दोन्ही तुम्ही आता एका चौकटीत आणू शकता. आजोबांना त्या रंगीत बंगल्यासमोरून हळूच उचला आणि आपल्याच खाचरात, चिमणीच्या पायथ्याशी उभे करा. ऊन तेवढे जुळवा. मूळ फोटोला कात्री लावू नका. खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून फोनने त्याची प्रत काढा, चकाकी येऊ देऊ नका. तालुक्याच्या स्टुडिओतून चित्र छापून आणले की पाठीमागे पेन्सिलीने आजोबांचे नाव, गिरणीचे नाव, खाते आणि मुंबईला गेल्याचे साल लिहा. गिरणी कोणती, हे आजीला आजच विचारून ठेवा.