कोरेगावचे पिस्तूल

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतले, गिरणीतून निवृत्त झालेले एक काका फडक्यात गुंडाळलेले जुने पिस्तूल घेऊन माझ्याकडे आले. "कोरेगावच्या लढाईत महार शिपायाच्या कमरेला होते," असे सांगून जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने अकरा हजार मागितले होते. दोन हजार विसार देऊन झाला होता. एक जानेवारीला विहारात काचेच्या पेटीत ते मांडायचे, असे काकांच्या मनात होते. पेटीही सुताराकडे टाकलेली.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे पाचशे शिपाई लढले. पायदळाच्या शिपायाचे हत्यार म्हणजे लांब नळीची बंदूक आणि संगीन. पिस्तूल असे ते स्वाराजवळ किंवा अधिकाऱ्याजवळ. सोबत सुमारे तीनशे स्वार होते, म्हणजे तिथे पिस्तुले नव्हतीच असे नाही. पण शिपायाच्या कमरेला?

शिवाय त्या काळी हत्यार चकमकीचे. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असे, ती पोलादावर आपटून ठिणगी पडे. टोपीची पद्धत फौजेत आली १८४० च्या आसपास. काकांचे पिस्तूल टोपीचे! जुनी चकमकीची हत्यारे पुढे टोपीची करून घेतली जात, हे खरे. पण मग घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवर जुनी भोके बुजवल्याच्या खुणा राहतात. इथे एकही नव्हती.

पट्टीवर कंपनी सरकारचा सिंह होता, मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट. काकांचा सारा भरवसा त्यावर. मुलाचे भिंग घेऊन पाहिले. पट्टीभर गंजाचे खड्डे, आणि सिंहाच्या रेषा त्या खड्ड्यांवरून स्वच्छ, धारदार गेलेल्या. शिक्का जुना असता तर गंजाने त्यालाही खाल्ले असते. इथे गंज आधीचा, शिक्का नंतरचा.

खरी झीज हाताने होते. मुठीच्या कडा, बुडाचे पितळ, चापाभोवतीची कमान गुळगुळीत होते. दारूच्या क्षारांमुळे बत्तीच्या भोकापाशी लोखंड जास्त खाल्लेले असते. तेजाबात बुडवून म्हातारे केलेले हत्यार सगळीकडे सारखेच गंजते. आणि कुणाच्या घरी खरेच जुने काही निघाले तर चिंच-रांगोळीने घासू नका. खुणा जातात, किंमतही जाते.

ठासणीच्या हत्यारात शंभर वर्षांपूर्वीचा बारही भरलेला राहू शकतो. घोडा ओढून पाहू नये, पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नये. शस्त्र कायदा १९५९ च्या ४५ व्या कलमात, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला सूट आहे. चालू शकणाऱ्याला ही सूट नाही. तेव्हा घेण्याआधीच पोलीस ठाण्यात लेखी विचारावे आणि पोच घ्यावी.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, पण कुणीतरी तर लढलंच होतं ना?"

"लढले, काका. पण हे घेऊन नाही."

पिस्तूल परत गेले, विसार बुडाला. पेटी तेवढी तयार होऊन आली. काकींनी ट्रंकेतून सासऱ्यांचे दुसऱ्या महायुद्धातले पदक काढून दिले. त्याच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेले आहे. मी भिंगातून वाचून दाखवले.