तोतरेपणा कशामुळे येतो? आणि 'सावकाश बोल' म्हटल्याने तो जातो का?

ठाणे स्टेशनची तिकीट खिडकी. मागे रांग वाढतेय आणि एकच शब्द बोलायचाय: कोपरखैरणे. तोतरेपणा असलेल्या माणसासाठी हा दिवसातला सगळ्यात अवघड शब्द असू शकतो. एरवी एखादा शब्द अडला तर दुसरा वापरून वेळ निभावता येते. 'मंगळवारी' निघत नसेल तर 'परवा' म्हणता येतं. पण स्टेशनचं नाव बदलता येत नाही. स्वतःचं नावही बदलता येत नाही, म्हणून अनेकजण नेमकं तिथेच अडतात.

जगभरात साधारण १ टक्का मोठ्या माणसांमध्ये तोतरेपणा आढळतो. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाखांहून जास्त होती. हेच प्रमाण धरलं तर एकट्या नवी मुंबईत ही संख्या १० हजारांच्या घरात जाते. तरीही हा विषय चर्चेत येतो तो बहुतेक वेळा विनोद म्हणूनच.

तोतरेपणा म्हणजे नेमकं काय?

तोतरं आणि बोबडं यात आपण गल्लत करतो. २००९चा 'कमीने' आठवतोय? त्यात शाहिद कपूरचा डबल रोल होता. चार्लीच्या तोंडी 'स'चा 'फ' होतो. तो उच्चाराचा दोष, म्हणजे बोबडेपणा. त्याचा जुळा भाऊ गुड्डू अडखळतो. तो तोतरेपणा.

तोतरेपणात उच्चार माहीत असतो, शब्दही डोक्यात तयार असतो, पण तो वेळेवर बाहेर पडत नाही. हे तीन प्रकारे होतं. अक्षर पुन्हा पुन्हा येतं (ने-ने-नेरूळ), ताणलं जातं (वाऽऽऽशी) किंवा तोंड उघडूनही आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, समोरचा विसरला किंवा काहीतरी लपवतोय.

मग कारण काय?

एकच एक कारण नाही. पण संशोधनाचा रोख मेंदूकडे आणि जनुकांकडे आहे.

बोलताना मेंदूला श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांच्या हालचाली अगदी अचूक वेळेवर जुळवाव्या लागतात. तोतरेपणा असलेल्यांच्या मेंदूत हा ताळमेळ राखणाऱ्या भागांच्या रचनेत आणि कामात फरक दिसतो. म्हणूनच एक गंमत घडते. जो मुलगा वर्गात धडा वाचताना अडतो, तोच गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर न अडखळता गातो. एका सुरात बोलताना किंवा गाताना बाहेरून ताल मिळतो आणि अडखळणं बहुतेकांचं जवळपास थांबतं.

दुसरी गोष्ट आनुवंशिकता. २०१०मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी संबंधित जनुकीय बदल शोधले. २०२५मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या, १० लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात जनुकसंचातल्या ५७ जागांचा संबंध आढळला. म्हणजे 'तोतरेपणाचं जनुक' असं एकच काही नाही.

मोठ्या माणसाची जीभ अचानक अडखळायला लागली तर मात्र गोष्ट वेगळी. पक्षाघात किंवा डोक्याला मार हे कारण असू शकतं, त्यामुळे लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

भित्रेपणामुळे होतं का?

नाही. भीती आणि ताणामुळे अडखळणं वाढू शकतं, पण सुरुवात त्यातून होत नाही. बहुतेकदा उलटंच होतं. आधी अडखळणं, मग हसू, मग भीती. बुद्धीशीही याचा संबंध नाही. आई-वडिलांच्या वागण्यामुळे किंवा दुसऱ्या मुलाची नक्कल केल्यामुळेही तोतरेपणा येत नाही.

जिभेचाही दोष नसतो. १८४१मध्ये प्रशियातल्या डिफेनबाख नावाच्या सर्जनने तोतरेपणावर उपाय म्हणून लोकांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्या बंद पडल्या, पण 'जिभेखालची शीर कापली की मोकळं बोलेल' हा समज टिकून आहे. वेखंड उगाळून चाटवल्यानेही तोतरेपणा जात नाही.

मूल अडखळत असेल तर?

तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. यातली साधारण ८० टक्के मुलं पुढे नीट बोलू लागतात. मुलींमध्ये तो जाण्याची शक्यता जास्त असते. पण म्हणून फक्त वाट बघत बसू नये. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात आधीपासून कुणाला तोतरेपणा असेल किंवा मूल बोलणं टाळू लागलं तर स्पीच थेरपिस्टला भेटावं. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्यावं.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही वाचा उपचार विभाग आहे.

मोठेपणी काय करायचं?

तोतरेपणा हमखास घालवणारी गोळी अजून नाही. थेरपीमध्ये शब्दाची सुरुवात हलकी करणं, अडलं की जोर न लावणं, अशा गोष्टी शिकवतात. पण थेरपीचा मोठा भाग असतो लपवणं सोडण्याचा.

कारण खरी दमछाक लपवण्यातच होते. मोबाइलवर तिकीट काढून खिडकी टाळता येते. पण ऐरोली किंवा महापेच्या आयटी पार्कमधला इंटरव्ह्यू स्वतःची ओळख सांगण्यानेच सुरू होतो. उत्तर येत असूनही गप्प बसलेला विद्यार्थी, फोन नको म्हणून नोकरी नाकारणारा तरुण, हे नुकसान कुठे मोजलं जात नाही. हृतिक रोशनने सांगितलंय की, शाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी तो दांडी मारायचा.

२००८मध्ये सुरू झालेली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' म्हणजे 'टिसा' याच मुद्द्यावर काम करते. तिच्या स्वयंसहायता गटांमध्ये लोक एकमेकांसमोर अडखळत, पण न लाजता बोलतात. 'मला तोतरेपणा आहे, थोडा वेळ लागेल' हे आधीच सांगून टाकलं तर लपवण्याचा ताण कमी होतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

आणि ऐकणाऱ्यांनी?

- त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. अंदाज चुकला तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.
- 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नकोस' असं सांगू नका. त्याने तोतरेपणा जात नाही, उलट लक्ष अडखळण्यावर जातं.
- नजर चोरू नका किंवा मोबाइल काढू नका.
- शिक्षक असाल तर वर्गात वाचायला लावण्याआधी त्या मुलाशी एकट्यात बोला. सगळ्यांनी मिळून वाचायचा पर्यायही असतो.
- इंटरव्ह्यू घेत असाल तर पाच मिनिटं जास्त द्या आणि उत्तर काय आहे ते बघा.