खारेपाटाची शब्दसंपदा : पेण-रोहे परिसर

बोलीच्या शब्दसंग्रहात त्या समाजाच्या श्रमाचा इतिहास साठवलेला असतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे तालुक्यांच्या आधारे हे विधान आपण तपासून पाहू.

पेणलगतची धरमतर खाडी आणि रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ समुद्रास मिळणारी कुंडलिका यांच्या काठी भरतीचे पाणी शिरणारी सपाट दलदल आढळते. तिला 'खाजण' म्हणतात. बांध घालून भरती अडवली आणि काही पावसाळ्यांत जमिनीतील मीठ धुऊन निघाले, की त्या खाजणाची 'खार' होते; तीत भात पिकते. संस्कृत 'क्षार' या शब्दापासून 'खार' हे रूप नियमानुसार सिद्ध होते (तुलना : क्षीर–खीर). अर्थ मात्र पालटला आहे. मूळ शब्द मिठाचा निर्देश करतो, तर बोलीतील शब्द मिठापासून सोडवलेल्या जमिनीचा. 'खारेपाट' हे प्रदेशनाम व 'खारपाडा' हे ग्रामनाम याच शब्दाची साक्ष देतात.

या शेतीची परिभाषाही स्वतंत्र आहे. समुद्राकडील मुख्य बांध म्हणजे 'बाहेरकाठा'. ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीच्या दाबाने मिटणारे दार म्हणजे 'उघाडी'. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने बांध फुटला, की 'खांड गेली' असे म्हणतात. एका ठिकाणी गेलेली खांड सर्वांचीच शेते बुडवते. म्हणून बांध राखणे हे सामुदायिक काम होते. बांधबंदिस्तीशी निगडित 'शिलोत्री' ही जुनी धारापद्धती पेण भागात प्रचलित होती. पुढे १९४८ व १९७९ च्या कायद्यांमुळे ही जबाबदारी शासनाकडे गेली आणि 'खारभूमी विकास' हा प्रशासकीय शब्दप्रयोग रूढ झाला.

शब्दार्थातील भेद व्यवहारातही निर्णायक ठरतो. 'खार' म्हणजे खारट, नापीक जमीन असे मानले, तर ती उद्योगास देण्यात हानी दिसत नाही. शेतकऱ्याच्या लेखी ती पिढ्यांनी कमावलेली असते. विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेण्यात आले. त्या वादात जमीन पिकाऊ आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा होता.

शेती सुटली की तिची परिभाषा बोलणारेही उरत नाहीत. म्हणून अशा शब्दांची नोंद करताना वस्तू, कृती आणि वाक्यातील उपयोग हे तिन्ही टिपावेत.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका व्यवसायाचे दहा शब्द वडीलधाऱ्यांकडून मिळवा. त्यांपैकी कोणते शब्द तरुण पिढी वापरत नाही, ते कारणांसह लिहा.