मारियो एक शब्दही न बोलता कसा शिकवतो?

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात. प्रवासात इअरफोन विसरलात तर वाचून काढा.)

[००:००] सुरुवात

आज एक छोटा प्रयोग करू. फोनवर कुठलाही नवीन गेम डाउनलोड केलात की पहिली पाच मिनिटं काय होतं, आठवून बघा. स्क्रीन काळपट होते, एक बाण नाचायला लागतो. ‘इथे टॅप करा.’ केलं. ‘शाब्बास! आता इथे टॅप करा.’ केलं. मग एक कार्टून येऊन तीन वाक्यं बोलतं, आपण ती न वाचता ‘पुढे’ दाबतो. आणि खरा गेम सुरू झाला की मनात येतं, अरे, नक्की करायचं काय होतं?

आज आपण अशा गेमबद्दल बोलणार आहोत ज्याच्यात यातलं काहीच नाही. बाण नाही, सूचना नाही, ‘शाब्बास’ नाही. तरी जगभरातल्या कोट्यवधी लोकांना तो खेळता आला. गेमचं नाव सुपर मारियो ब्रदर्स. तो आला १३ सप्टेंबर १९८५ ला, जपानमध्ये, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या मशीनवर. मूळ गेमच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या.

मारियो सगळ्यांना माहीत असतो. पण त्याची पहिली लेव्हल, जिला १-१ म्हणतात, ती शिक्षक म्हणून किती भारी आहे याकडे आपलं लक्षच जात नाही. आज तेच बघायचंय.

[०१:४०] चाळीस केबीतलं जग

आधी थोडं मशीनबद्दल. हे कार्ट्रिजचे दिवस. गेम म्हणजे प्लास्टिकच्या डबीतलं एक सर्किट, ते मशीनच्या खाचेत खोचायचं. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कॅसेट’च म्हणायचे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मोजून काही गेम, तेच पुन्हा पुन्हा. आणि त्यात मारियो बहुधा असायचाच. घरातल्या दादा-ताईंना विचारा, आठवेल.

गेम चालला नाही की ते कॅसेट काढून फुंकर मारायचे, हेही सांगतील. गंमत अशी की फुंकरीचा खरा उपयोग नव्हता. कॅसेट काढून परत बसवली की आतल्या पिना नीट टेकायच्या आणि गेम चालायचा. श्रेय मात्र फुंकरीला. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना खराब व्हायची भीती, म्हणून निन्टेंडोनंच पुढे सांगितलं की फुंकू नका.

तर या कॅसेटमध्ये जागा किती? संपूर्ण सुपर मारियो ब्रदर्स ४० किलोबाइटमध्ये बसला. ३२ केबी प्रोग्रॅमला, ८ केबी चित्रांना. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला एक साधा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत हा गेम पन्नासदा मावेल. त्या चाळीस केबीत आठ जगं, प्रत्येकात चार लेव्हल, म्हणजे एकूण ३२ लेव्हल, शिवाय संगीत, राक्षस, सगळं.

हे जमवायला केलेली काटकसर बघण्यासारखी आहे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप, दोन्हींचं चित्र एकच. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. पुढच्या वेळी नीट बघा, मग ते न दिसणं अशक्य. लेव्हलसुद्धा चित्र म्हणून साठवलेली नाही. ‘या जागी पाइप, एवढा उंच’, ‘इथे विटांची ओळ’, अशा दोन-दोन बाइटच्या सूचना आहेत, आणि मशीन त्या वाचत वाचत समोरचा रस्ता बांधत जातं. मागचा रस्ता पुसलाही जातो. म्हणूनच या गेममध्ये स्क्रीन उजवीकडेच सरकते. मागे राहिलं ते गेलं.

संगीतातही तीच कथा. कोजी कोंडोंनी ती प्रसिद्ध चाल बसवली तेव्हा हाताशी मोजकेच आवाज होते. मारियोनं उडी मारली की उडीचा ‘टुईंग’ त्यातलाच एक आवाज उसना घेतो, आणि तेवढा वेळ गाण्यातला एक सूर गप्प बसतो. आपल्या लक्षातही येत नाही.

आता विचार करा. जिथे ढगाला स्वतंत्र चित्र परवडत नाही, तिथे ‘कसे खेळायचे’ असे परिच्छेद कुठून परवडणार? खोक्यात छापील माहितीपुस्तिका यायची, पण हातात कंट्रोलर आल्यावर पुस्तिका कोण वाचतंय? आणि आपल्याकडच्या नकली मशीनसोबत ती असायचीच असंही नाही. तेव्हा शिकवायचं काम लेव्हललाच करावं लागलं.

[०४:३०] पहिली स्क्रीन

चला, गेम सुरू करू. मारियो स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे. उजवीकडे सगळं मोकळं. काहीही धोका नाही. डावीकडे जायचा प्रयत्न केलात तर स्क्रीनची कड अडवते. दोन सेकंदांत पहिला धडा झाला: उजवीकडे जायचं.

थोडं चाललं की वर एक चमचमणारा ठोकळा, त्यावर प्रश्नचिन्ह. सगळ्या स्क्रीनवर तेवढंच लुकलुकतंय, मग हात शिवशिवणारच. आणि त्याच सुमारास समोरून एक तपकिरी, भुवया आवळलेला प्राणी चालत येतो. हा गुम्बा.

इथे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, तुम्ही गोंधळून उभे राहता, तो धडकतो, मारियो मरतो. पण नुकसान किती? चार-पाच सेकंदांचं. गेम पुन्हा तिथूनच सुरू, आणि आता तुम्हाला कळलंय की याला शिवायचं नाही. दोन, तुम्ही घाबरून बटण दाबता, मारियो उडतो आणि चुकून त्याच्या डोक्यावर पडतो. तो चपटा होतो. अच्छा, असं आहे तर! उडी मारताना डोकं ठोकळ्यावर आपटलं, तर टिंग, नाणं बाहेर. म्हणजे ठोकळे खालून ठोकायचे.

या गुम्बाची एक गोष्ट सांगतो. गेम बनवणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आधी कासव बनवलं होतं, कूपा. त्याला मारायचं तर आधी उडी मारून कवचात घालवायचं, मग कवचाला लाथ. नवख्या माणसासाठी हे दोन पायऱ्यांचं गणित जड जात होतं. म्हणून एका उडीत संपणारा शत्रू हवा होता. पण तोवर काम संपत आलेलं, कॅसेटमध्ये जागा उरली नव्हती. मग एकच चित्र काढलं आणि ते आरशात दिसावं तसं उलटसुलट करत राहिले. आपल्याला वाटतं गुम्बा पावलं टाकतोय. प्रत्यक्षात एकच चित्र डावं-उजवं होतंय. गेममध्ये सगळ्यात आधी भेटणारा शत्रू सगळ्यात शेवटी बनला, आणि तोही शिकणाऱ्याला अवघड जातंय हे पाहून.

[०६:५०] मशरूमची युक्ती

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पुढच्या ठोकळ्यांपैकी एकातून नाणं येत नाही, मशरूम येतं. अडचण अशी की आत्ताच तुम्ही शिकलात, जमिनीवरून सरकत येणारी बुटकी गोष्ट वाईट. आणि हे मशरूमही तसंच सरकतं. मग ते चांगलं आहे हे न सांगता कसं सांगायचं?

बघा काय केलंय. मशरूम आधी उजवीकडे, तुमच्यापासून लांब जातं. म्हणजे भीती नाही, नुसतं कुतूहल. विटांवरून खाली पडतं, पुढे हिरव्या पाइपला धडकतं आणि वळून थेट तुमच्याकडे यायला लागतं. तुम्ही घाबरून उडी मारायला जाता, पण डोक्यावर विटांचं छत. डोकं आपटतं आणि तुम्ही बहुतेक वेळा पडता ते मशरूमवरच. आणि मारियो मोठा होतो!

मियामोतोंनी स्वतः मुलाखतींत ही रचना समजावून सांगितलीय. पाइप तिथे आहे, छत तिथे आहे, कारण घाबरलेल्या माणसालाही मशरूम मिळायला हवं. आणि ते एकदा मिळालं की कायमचं लक्षात राहतं, कारण कुणी सांगितलेलं नसतं, आपल्याला स्वतःला कळलेलं असतं.

[०८:२०] आधी सराव, मग खड्डा

त्यानंतर चार पाइप ओळीनं येतात. पहिला बुटका, दुसरा त्याहून उंच, तिसरा आणखी उंच. उडीचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की उडी उंच जाते, हे इथे बोटांना आपोआप कळतं. मधे आधी एक गुम्बा, पुढच्या फटीत दोन. अभ्यास वाढतोय, पण एका वेळी एकच इयत्ता.

लेव्हलच्या शेवटाकडे एक जागा आहे, तिथे पायऱ्या चढून पलीकडे उडी मारायची असते. मधे जमीन आहे. चुकलात तर खाली पडाल, परत चढाल, बस. थोडं पुढे अगदी तशाच पायऱ्या येतात. फरक एकच, आता मधे खड्डा आहे. पडलात की गेलात. पण तोवर ती उडी तुम्ही एकदा मारलेली असते. पोहायला शिकवताना आधी उथळ पाण्यात नेतात ना, तसंच.

[०९:३०] सगळंच गोड नाही

आता भक्ती बाजूला ठेवून बोलू. हा गेम सगळीकडे इतका समजूतदार नाही. बी बटण दाबून पळता येतं हे १-१ मध्ये कुठेच दिसत नाही, पण पुढे लांबच लांब खड्डे येतात तेव्हा पळत उडी घ्यावीच लागते. आणि ४-४, ७-४ हे किल्ले तर चक्क चकवा आहेत. चुकीच्या वाटेनं गेलात की तोच रस्ता पुन्हा समोर. चुकलात कुठे, काहीच कळत नाही, वर घड्याळ पळतंय. १०० च्या खाली गेलं की संगीतही घाई करतं. इथे खेळणारा चुकतो, पण चुकून त्याला काही मिळत नाही. तेच लोक, तोच गेम. फरक एवढाच की १-१ मधली प्रत्येक चूक तुमच्या हातात काहीतरी देऊन जाते.

म्हणून मला वाटतं, ‘न सांगता शिकवणं’ म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं नाही. त्यामागे दुप्पट मेहनत असते. खेळणारा कुठे घाबरेल, कुठे उडी मारेल, कुठे पडेल, याचा आधी विचार करावा लागतो. नाचणारा बाण टाकणं सोपं असतं. पण तो बाण नकळत असंही सांगतो की तुला हे स्वतःहून जमणार नाही. मारियोची पहिली लेव्हल म्हणते, जमेल रे, करून बघ, पडलास तरी फार लागणार नाही.

[११:००] जाता जाता

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः गेम, ॲप, रील काहीतरी बनवत असता. कुणी धाकट्या भावंडाला गणित शिकवतं, कुणी आजीला यूपीआय. एकदा हे करून बघा. समोरच्याच्या हातात गोष्ट द्या आणि दोन मिनिटं तोंड बंद ठेवा. तो कुठे अडखळतो ते फक्त बघा. मग सूचना वाढवण्याआधी स्वतःला विचारा, इथे छत घालता येईल का? पाइप थोडा अलीकडे आणता येईल का? पैशांचा मामला असेल तर सुरुवात एक रुपयानं करा, म्हणजे खड्ड्याआधीच्या पायऱ्या होतील.

तुम्हाला न सांगता काहीतरी शिकवून गेलेला गेम कोणता, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवू. तोपर्यंत ऐकत राहा, खेळत राहा, आणि हो, कॅसेटमध्ये फुंकू नका!