निनावी फॅनकथांच्या लेखिकांचा माग

आवडत्या मालिकेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा म्हणजे फॅन फिक्शन. इंटरनेटपूर्वी त्या हौशी अंकांत छापल्या जात. ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेला ‘स्पॉकॅनेलिया’ न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली निघाला. अशा अंकांत नाव, निदान टोपणनाव तरी असे. खरा गुंता आहे तो सुट्या टंकलिखित प्रतींचा. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९८३ या काळात ‘द प्रोफेशनल्स’ ही मालिका लागत असे. तिच्या बोडी आणि डॉयल या नायकांवरच्या कथा हातोहात आणि टपालाने फिरत. एकीने वाचायला द्यायची, दुसरीने झेरॉक्स काढून किंवा पुन्हा टाइप करून पुढे धाडायची. या फिरत्या साठ्याला ‘सर्किट’ म्हणत. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा आपण लिहिली हे कामावर कळले तर काय, या धास्तीने कित्येकींनी नाव झाकले.

शोध कागदापासून सुरू होतो. टाइपरायटरचा ‘e’ शाईने बुजलेला असेल, एखादे अक्षर ओळीच्या वर उडत असेल, तर तीच खोड सही केलेल्या एखाद्या पत्रात सापडू शकते. ब्रिटिश ए-४ कागद अमेरिकन लेटर कागदापेक्षा १८ मिलिमीटर उंच. अमेरिकेत झेरॉक्स काढताना तळाची ओळ कापली गेली असेल, तर मूळ प्रत कुठली याचा अंदाज येतो. पुन्हा टाइप केलेल्या प्रतीत मात्र मूळ यंत्राची खूण पुसली जाते. तेव्हा चुका उपयोगी पडतात: दोन प्रतींत एकच वाक्य गळलेले असेल, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरल्या. जुन्या पोथ्यांचे पाठ लावणाऱ्यांना ही रीत चांगली ठाऊक आहे.

शब्दांच्या सवयीही मोजता येतात. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी वादातले १२ लेख जेम्स मॅडिसनचे आहेत, असे संख्याशास्त्रज्ञ मोस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ साली दाखवले, ते ‘अपॉन’सारख्या क्षुल्लक शब्दांच्या मोजणीवरून. फॅनकथांना ही पद्धत जपूनच लावावी लागते. कथा आखूड, सगळ्याजणी एकमेकींचे वाचून लिहिणाऱ्या, त्यात पुन्हा टाइप करणारी आपल्या सवयीने शब्द बदलणार. त्यापेक्षा जुन्या अंकांतला पत्रव्यवहार, जाहिराती आणि त्या काळच्या वाचकांच्या आठवणी अधिक भरवशाच्या. तीही माणसे आता वयस्क होत आहेत, म्हणून त्यांना विचारायची घाई हवी.

नाव सापडले तरी ते लगेच छापायचे नसते. ‘स्टार ट्रेक’वरची ‘द रिंग ऑफ सोशर्न’ ही कथा वर्षानुवर्षे खासगी प्रतींतून फिरली आणि १९८७ साली लेखिकेला न विचारता छापली गेली. आज अशा कथा संग्रहात घेताना लेखिकेला गाठून तिची संमती घेणे हीच योग्य वाट. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनकथांच्या मोठ्या संग्रहात तर आपले नाव काढून कथा तेवढी मागे ठेवण्याची सोयच आहे. अशी कथा ‘ऑर्फन अकाउंट’ या सामाईक खात्यावर जाते आणि वाचकांना वाचता येत राहते.