रूप एक, वस्तू वेगळी : पार्कर ५१ आणि त्याची भावंडे

दीपावलीस शारदापूजन होते, तेव्हा नव्या चोपड्याशेजारी लेखणीचीही पूजा होते. कित्येक पेढ्यांत ही लेखणी म्हणजे मागच्या पिढीने जपलेले जुने पार्कर पेन असते. वाटणीची वा विक्रीची वेळ आली, की घरातील सारे त्यास सरसकट ‘पार्कर ५१’ म्हणतात. प्रत्यक्षात ‘पार्कर २१’ आणि शांघायचे ‘हीरो’ ही पेनेही झाकलेल्या निबामुळे तशीच दिसतात. मोलात मात्र मोठे अंतर असते.

पार्कर कंपनी १८८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, जेन्सव्हिल येथे स्थापन झाली. कंपनीच्या ५१ व्या वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, या पेनाची घडण सिद्ध झाली, म्हणून त्याचे नाव ५१. ते बाजारात आले १९४१ मध्ये. झटपट वाळणारी शाई निबावरच सुकू नये, यासाठी निबावर आवरण घातलेले होते. १९४८ मध्ये कमी किमतीचे २१ निघाले. बाह्यरूप थोरल्याचे, पण आतील साहित्य साधे.

परीक्षेचा आरंभ दांडीपासून करावा. १९४८ पर्यंतच्या ५१ मध्ये दांडीच्या मागील टोकाशी बारीक सांधा असतो. तेथील लहान टोपी फिरवून काढली, की शाई भरण्याची कळ दिसते. असे पेन मधोमध पिळून उघडू पाहू नये, ते मोडण्याची भीती असते. त्यानंतरच्या ५१ ची दांडी मात्र धातूच्या कड्यापाशी सहज फिरून निघते. आत धातूची नळी आणि तीवर दाबपट्टी असते. नळीवरील अक्षरे भिंगाखाली वाचावीत. शाई भरण्याच्या सूचनेसह पेनाचे नावही तेथे बहुधा मिळते.

पुढे साहित्य पाहावे. ५१ ची दांडी ल्युसाइट या टिकाऊ ॲक्रिलिकची असते; दशके लोटली तरी पुसताच चकाकते. २१ चे प्लास्टिक पॉलिस्टायरिनचे, म्हणून निबावरील आवरणाला बारीक तडे गेलेले वारंवार आढळतात.

निबाचे टोक सोनेरी असेल तर ते बहुधा १४ कॅरट सोन्याचे, अर्थात ५१ चे. २१ चे निब ‘ऑक्टेनियम’ या आठ धातूंच्या मिश्रणाचे, पांढऱ्या झाकेचे असते. तथापि येथेच फसगत होते. ‘५१ स्पेशल’ या स्वस्त प्रकारातही ऑक्टेनियमचेच निब होते. उलट ‘हीरो १००’ मध्ये सोन्याचे निब मिळते. म्हणून केवळ निबाच्या रंगावरून निर्णय करू नये. टोपणावरूनही करू नये. दुरुस्तीत टोपणे बदलली जातात, आणि सोनेरी टोपण बहुधा मुलाम्याचेच असते. २०२१ मध्ये आलेल्या नव्या ५१ चे टोपण आटे फिरवून बसते. जुन्याचे मात्र सरळ दाबून बसते.

दांडी, नळी, साहित्य, निब हे चारही साक्षीदार एकाच बाजूने बोलले, तरच नाव निश्चित करावे. एकही विरुद्ध बोलला, तर जाणकाराकडे न्यावे, आणि तोवर विक्रीच्या चिठ्ठीवर ‘पार्कर, प्रकार अनिश्चित’ एवढेच लिहावे.

श्रावकाला ही काटेकोर परीक्षा अनोळखी नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे : अस्सल म्हणून तत्सम हलकी वस्तू देणे. २१ ला ५१ म्हणून विकणे हे त्याचेच उदाहरण. विक्रेत्याच्या अज्ञानाचा लाभ घेऊन ५१ ला २१ च्या भावाने उचलणे कायद्याच्या कक्षेत कदाचित येणार नाही, पण ज्या पेढीच्या चोपड्याशेजारी ते पेन पुजले जाईल, त्या पेढीच्या पतीला ते शोभणार नाही. वस्तू ओळखता येणे ही व्यापाऱ्याची विद्या. ओळखल्यावर तिचे खरे नाव सांगणे हे त्याचे व्रत.